इलेक्ट्रॉन वाढतात, तरी अणू लहान काहून होतो?

तू लिहिलंस की अकरावीला आहेस, गाव दर्यापूरजवळ, आवर्त सारणीवरचे बाण (कोणता गुणधर्म कुठल्या दिशेनं वाढतो ते दाखवणारे) तोंडपाठ आहेत. पण सोडियमपासून क्लोरीनपर्यंत इलेक्ट्रॉन वाढत असताना अणू लहान काहून होतो ते उमगत नाही, आणि पेपरात अपवाद आला की गाडी अडते. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. हे बाणच अर्ध्या पोरांचं नुकसान करतात असं माझं मत आहे.

प्रत्येक वेळी दोनच गोष्टी बघ: बाहेरचा इलेक्ट्रॉन कितव्या कवचात आहे, आणि केंद्रकाची ओढ त्याच्यापर्यंत किती पोचते.

हिवाळ्यात शेकोटीभोवती बसलेली माणसं आठव. पुढच्या रांगेमुळं मागच्यांना धग कमी लागते, पण शेजारी बसलेला माणूस तुझी धग फारशी अडवत नाही. सोडियमच्या केंद्रकात 11 प्रोटॉन, आतल्या कवचांत 10 इलेक्ट्रॉन. म्हणजे बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनला ढोबळमानानं +1 चीच ओढ. क्लोरीनमध्ये प्रोटॉन 17, आतले मात्र तेच 10. ओढ झाली +7 च्या आसपास. नवे इलेक्ट्रॉन सगळे एकाच रांगेत बसले, पुढं कोणी आलंच नाही. म्हणून अणुत्रिज्या 186 पिकोमीटरवरून 99 वर येते. गणात, म्हणजे सारणीच्या एका उभ्या स्तंभात, खाली गेलं की दर वेळी एक नवं कवच, त्यामुळं अणू मोठा आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल. पहिली आयनन ऊर्जा, म्हणजे अणूतला सगळ्यात सैल इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, बघ: लिथियम 520, सोडियम 496, पोटॅशियम 419 किलोज्यूल प्रति मोल. पाण्यात सोडियमपेक्षा पोटॅशियम जास्त भडकतो तो यामुळंच.

आता अपवाद. मॅग्नेशियम 738 आणि त्याच्या उजवीकडचं ॲल्युमिनियम 578! बाणानुसार वाढायला हवी होती. पण तिसऱ्या कवचात 3s आणि 3p असे उपकवच असतात; मॅग्नेशियमचा इलेक्ट्रॉन 3s मधून काढावा लागतो, ॲल्युमिनियमचा 3p मधून; तो आधीच वरच्या ऊर्जेवर असतो, शिवाय 3s चे दोन त्याच्या आड येतात. फॉस्फरस 1012, गंधक 1000 हे दुसरं. फॉस्फरसच्या तिन्ही 3p कक्षकांत (इलेक्ट्रॉनच्या जागांत) एकेक इलेक्ट्रॉन असतो. गंधकाच्या चौथ्याला जोडीनं राहावं लागतं, ते दोघं एकमेकांना ढकलतात, मग एक काढणं सोपं जातं. नायट्रोजन-ऑक्सिजनची तीच गत. पेपरात हमखास येतं, लिहून ठेव.

आयनांचं, म्हणजे प्रभार असलेल्या अणूंचं, गणित तर तुझ्याच शेतात आहे. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. तिथल्या काळ्या मातीचे कण ऋणप्रभारित असतात आणि त्यांना सोडियमचे आयन चिकटलेले असतात. कृषीवाले अशा जमिनीत जिप्सम टाकायला सांगतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. कॅल्शियम सारणीत सोडियमच्या खालच्या आवर्तात (आडव्या ओळीत), पण एक घर उजवीकडं. खाली गेल्यानं आयन वाढायला हवा, उजवीकडं गेल्यानं आकसायला हवा. दोन्ही एकमेकांना कापतात. सोडियम आयनाची त्रिज्या 102 पिकोमीटर, कॅल्शियमची 100. आकार जवळपास सारखा, प्रभार मात्र दुप्पट. साहजिकच मातीचा कण कॅल्शियमला घट्ट धरतो आणि सोडियम सोडून देतो. सोडियममुळं कण सुटे होऊन छिद्रं बुजतात, वर पाणी साचतं. कॅल्शियम आला की त्यांचे पुंजके होतात, पाणी मुरायला लागतं. सुटलेला सोडियम मात्र पाण्याबरोबर खाली वाहून जायला पाहिजे, त्यामुळं निचऱ्याची सोय नसेल तर नुसती जिप्समची पोती रिकामी करून उपयोग नाही.