रद्दीच्या कुंड्या करताय? मग ऐका
पहिल्याच खेपेला लगदा करत बसू नका. पावसाळ्यात तो वाळता वाळत नाही, वर बुरशी धरतो. वर्तमानपत्राची पाच इंच रुंद पट्टी स्टीलच्या पेल्याभोवती दोन-तीन वेढे गुंडाळा, खालची कड तळाशी मुडपून दाबा, पेला ओढून काढा. झालं! गोंद, चिकटपट्टी काही नको. पुरवणीचा चकचकीत कागद मात्र वगळा. कुंड्या ताटात एकमेकींना खेटून ठेवल्या की उकलत नाहीत.

या कुंड्यांत वाढवलेली टोमॅटो-मिरचीची रोपं चार-पाच पानांवर आली की कागदासकट मातीत लावा. पण कागदाचा काठ मातीवर उघडा राहू देऊ नका, हं. तो दिव्याच्या वातीसारखा ओलावा वर ओढतो, आणि मुळं कोरडी पडतात. माझी वांग्यांची अख्खी रांग अशीच गेली.