पीएचडीच्या विद्यार्थ्यांमध्ये सीनियर-ज्युनियर जोड्या लावायच्या आहेत. कशा लावाव्यात?

एकाच गाईडचे दोघे एका जोडीत टाकू नका. बहुतेक विभाग नेमकं हेच करतात, कारण विषय जुळतो आणि लॅब एकच असते. पण ज्युनियरच्या मनात असतं ते बरंचसं गाईडबद्दलच. सर चॅप्टर महिना महिना वाचत नाहीत, आठवण कशी करायची? पेपरवर काहीच काम न केलेल्याचं नाव घालायला सांगितलंय, नाही कसं म्हणायचं? हे त्याच गाईडच्या सीनियरला कोण विचारेल? त्यालाही त्याच सरांची सही हवी असते. विभाग तोच, गाईड वेगळा, प्रवेश दीड-दोन वर्षं आधीचा, अशी जोडी लावा. थिसिस लिहायला बसलेला सीनियर नको, त्याला उसंत नसते. एकाकडे फार तर दोन ज्युनियर.

"काही अडलं तर सांग" एवढ्यावर सोडलंत तर दुसऱ्या महिन्यात भेटी बंद पडतील. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार दर सेमिस्टरला आरएसीपुढे, म्हणजे संशोधन सल्लागार समितीपुढे, प्रगती मांडावी लागते. भेटी त्या तारखेला बांधा. तीन आठवडे आधी मागचा आरएसी रिपोर्ट समोर घ्यायचा आणि प्रत्येक सूचनेपुढे लिहायचं: केलं, अर्धवट, किंवा केलं नाही आणि का. हाच तक्ता पहिली स्लाइड. आठवडाभर आधी तालीम. ज्युनियर 20 मिनिटं बोलणार, सीनियर मध्ये एक शब्द बोलणार नाही, फक्त प्रश्न टिपणार. आधी सॅम्पलचे प्रश्न: इतकेच का, इथलेच का? कमिटीत हटकून इथेच अडतं, कारण पूर्वसंशोधनाचा आढावा सांगण्यातच 12 मिनिटं गेलेली असतात. तो आढावा 3 मिनिटांत बसेपर्यंत पुन्हा बोलायला लावा.

सीनियरने लिहून द्यायचं नाही, एक परिच्छेदही नाही. तोच मजकूर त्याच्या थिसिसमध्येही असतो आणि पुढे सिमिलॅरिटी रिपोर्टमध्ये, म्हणजे इतरांच्या लेखनाशी किती मजकूर जुळतो ते दाखवणाऱ्या अहवालात, उगवतो. 10 टक्क्यांची मर्यादा सगळ्यांना पाठ असते. सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग 14 शब्दांपर्यंतचे तुकडे त्यात धरायचे नसतात, हे मात्र सीनियरनेच दाखवावं लागतं.

अशा जोड्यांमुळे विद्यार्थी आपल्याविरुद्ध भरवले जातात, असं काही गाईड म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. फेलोशिपचं मासिक कन्फर्मेशन कोणाच्या टेबलावर अडकलंय, एथिक्स कमिटीचा फॉर्म कशासाठी परत येतो, हे काल-परवा त्यातून गेलेल्यालाच ठाऊक असतं. मेथड आणि विश्लेषणाबद्दल मात्र शेवटचा शब्द गाईडचाच, हे दोघांनाही आधीच सांगून ठेवा.

आणि ही फुकटची हमाली धरू नका. पूर्णवेळ विद्यार्थ्याला आठवड्याला 4 ते 6 तास शिकवणीचं किंवा लॅबचं काम देता येतं. तालमीच्या आठवड्यात त्यातले 2 तास कमी करा. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्रही द्या. सहा महिन्यांनी जोडी बदलायची मुभा ठेवा, कारण विचारू नका. ज्युनियर झोप उडाल्याचं, जगणं नको झाल्याचं बोलू लागला तर ते सीनियरवर टाकू नका. त्याच दिवशी समुपदेशकाकडे न्या किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावून द्या.