परदेशी कोर्टाची घटस्फोटाची नोटीस फेकून द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की बहीण दीड वर्षापासून ठाण्यात माहेरी आहे, नवरा टेक्सासला, लग्न इथेच हिंदू पद्धतीने झालेलं. आता तिथल्या कोर्टाचे घटस्फोटाचे कागद कुरिअरने आलेत आणि ओळखीतले एक जण म्हणतात, ‘तिकडचा घटस्फोट इकडे चालत नाही, फेकून द्या.’

फेकू नका. आणि घाईघाईने सहीही करू देऊ नका.

मी वकील नाही, पण धाकट्या बहिणीसाठी 3 वर्षं कोर्ट नाक्याच्या फेऱ्या मारल्यात. आमच्याकडे असाच लिफाफा आला तेव्हा आईने तो न उघडता कपाटात साड्यांखाली सारून दिला. दीड महिना तिथेच पडून होता. मग बहिणीने एका रात्री चिडून नवऱ्याच्या वकिलाला ईमेल केला, ‘मला नांदायचंच नाही, माझे दागिने तेवढे परत करा.’ पुढे हेच वाक्य ‘बघा, तिची संमती होती’ म्हणून आमच्यापुढे ठेवलं गेलं. ते खोडून काढता काढता जीव मेटाकुटीला आला.

‘इकडे चालत नाही’ हे अर्धंच खरं आहे. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी हा निकाल दिला. लग्न तिरुपतीला, 1975 मधलं. नवऱ्याने अमेरिकेत मिसुरीच्या कोर्टातून घटस्फोट मिळवला आणि इकडे दुसरं लग्न केलं. न्यायालयाने तो घटस्फोट मानला नाही. लग्न ज्या कायद्याने झालं, त्याच कायद्यातलं कारण हवं आणि त्याच कायद्याने अधिकार दिलेलं कोर्ट हवं, असं सांगितलं. ‘संसार पुन्हा जुळणार नाही इतका मोडलाय’ हे तिथलं कारण हिंदू विवाह कायद्यात आजही नाही.

पण त्याच निकालात अपवाद आहेत. बायको कायमची तिथेच राहणारी असेल, किंवा तिने आपणहून तिथल्या कोर्टात उतरून दावा लढवला असेल आणि कारणही आपल्या कायद्यातलं असेल, तर तो हुकूमनामा इथे टिकतो. घटस्फोटाला तिने संमती दिली असेल तरीही टिकतो. म्हणून तुमची बहीण येत्या काही दिवसांत काय लिहिते, कशावर सही करते, याला फार महत्त्व आहे. त्या खटल्यातल्या बाईंनी मिसुरीला उत्तर पाठवलं होतं, पण ‘तुमचा अधिकार मला मान्य नाही’ हे स्पष्ट नोंदवूनच. मला वाटतं, तुम्हीही तसंच करावं, अर्थात दोन्हीकडच्या वकिलांना मसुदा दाखवून. उत्तराची मुदत कागदांतच दिलेली असते, ती आज बघा.

कुरिअरचा मुद्दाही सोडू नका. परदेशी कोर्टाचे समन्स बजावण्याचा हेग करार भारताला 2007 पासून लागू आहे, आणि थेट टपालाने बजावणी भारताने त्यात नाकारलेली आहे. असे कागद केंद्रीय कायदा मंत्रालयामार्फत यायला हवेत. तिथलं कोर्ट तरीही पुढे जाऊ शकतं, पण इथे ही हरकत कामाला येते.

गप्प बसण्यातला खरा धोका असा, की नवरा तिकडे मोकळा होतो आणि आपली मुलगी इकडे कायद्याने विवाहितच राहते. उद्या तिने दुसरं लग्न करायचं म्हटलं तर तीच अडचणीत येते. तेव्हा इथेही अर्ज करा. हिंदू विवाह कायद्यातल्या 2003 च्या दुरुस्तीपासून बायको स्वतः राहते तिथल्या कोर्टात जाऊ शकते, म्हणजे ठाण्याचं कौटुंबिक न्यायालय तिला मोकळं आहे. तिलाही सुटकाच हवी असेल तर ती मागायला हरकत नाही, फक्त दागिने आणि पोटगीचं आधी लेखी ठरू द्या.

वकिलाकडे जाताना नुसते कागद नाही, कुरिअरचं पाकीटही न्या. त्यावरची तारीख लागेल. आणि तोवर तिच्या फोनवरून नवऱ्याला एकही मेसेज जाऊ देऊ नका.