९/११ नंतर अमेरिकेतली मुस्लिम कुटुंबं एवढी का घाबरली होती? कागदपत्रं नीट असतील तर घाबरायचं कारण काय?

तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य मी २००३ साली स्वतःच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की वाचून आधी डोकंच फिरलं, मग म्हटलं लिहूनच टाकू. तेव्हा ते वाक्य माझ्या नवऱ्याचं होतं.

आम्ही न्यूयॉर्कजवळ जर्सी सिटीत राहायचो. नवरा एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी एच-फोरवर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर, तेव्हा त्यावर नोकरी करायची नाही, दिवसभर घरात. खालच्या मजल्यावर पाकिस्तानातल्या गुजरांवालाचं एक कुटुंब होतं. त्यातली बाई शिवणकाम करायची, माझे ब्लाऊज तीच शिवून द्यायची, मी तिला आपा म्हणायचे. तिचा नवरा, म्हणजे भाईजान, गॅरेजमध्ये मेकॅनिक. मुलगी सहा वर्षांची, तिथेच जन्मलेली, म्हणजे घरात अमेरिकन ती एकटीच.

२००२ च्या शेवटी सरकारचं ते स्पेशल रजिस्ट्रेशन, म्हणजे ठरावीक देशांच्या लोकांची सक्तीची नोंदणी, निघालं. २५ देशांची यादी, त्यात उत्तर कोरिया सोडला तर सगळे मुस्लिम देश. तिथून तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या १६ वर्षांवरच्या पुरुषांनी इमिग्रेशन ऑफिसात हजर व्हायचं, ठसे द्यायचे, फोटो काढायचा, शपथेवर उत्तरं द्यायची. डिसेंबरात लॉस एंजेलिसला शेकडो लोक, बरेचसे इराणी, आपणहून रांगेत उभे राहिले आणि तिथल्या तिथे अटकेत गेले. पाकिस्तानवाल्यांची शेवटची तारीख आधी २१ फेब्रुवारी होती, मग २१ मार्च केली. आता विचार करा, गेलं तर आत टाकतील, नाही गेलं तर न जाणं हाच गुन्हा. काही कुटुंबं बाडबिस्तरा घेऊन कॅनडाच्या बॉर्डरला निघून गेली.

आणि भाईजानची कागदपत्रं 'नीट' होती की नव्हती? व्हिसा संपलेला होता. पण व्हिसा संपलेल्यांनाही अर्ज करता यावा म्हणून सरकारने ३० एप्रिल २००१ पर्यंत मुदत दिली होती, तिच्या आत गॅरेजच्या मालकाने ग्रीन कार्डची फाईल टाकलेली, वकील म्हणाला होता बिनधास्त राहा. फाईल पेंडिंग आहे म्हणजे स्टेटस, म्हणजे तिथे राहायची कायदेशीर परवानगी, आहे असं नसतं, हे वकिलाने सांगितलंच नाही, की सांगितलं आणि यांना कळलं नाही, देव जाणे.

फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीला आलेल्या त्या मोठ्या बर्फाच्या वादळात आमची गाडी बर्फात पुरली होती, भाईजाननेच फावड्याने मोकळी केली. त्याच आठवड्यात ते रजिस्ट्रेशनला गेले. प्लास्टिकच्या पिशवीत फाईल आणि शुगरच्या गोळ्या. दुपारपर्यंत येतो म्हणाले. आपाने कणीक मळून ठेवली होती, आल्यावर गरम रोटी घालायची म्हणून. संध्याकाळी मी खाली गेले तर कणकेवर पापुद्रा धरलेला आणि ती ओट्यापाशी नुसती उभी.

रात्री अकराला आमच्या फोनवर कलेक्ट कॉल आला, म्हणजे ज्याचे पैसे घेणाऱ्याने भरायचे असा. त्यांच्याकडे फक्त मोबाईल होता आणि तुरुंगातून मोबाईलवर कलेक्ट कॉल लागायचा नाही. आमचा लँडलाईन नंबर त्यांना पाठ. आधी रेकॉर्ड केलेला आवाज सांगायचा की हा कॉल तुरुंगातल्या कैद्याचा आहे, घ्यायचा असेल तर बटण दाबा. मी दाबलं. सात आठवडे दाबत होते. आपा जिना चढून यायची, बोलताना फोनची वायर बोटाला गुंडाळत राहायची, आणि जाताना फोनखाली पाच-दहा डॉलर सरकवून जायची.

मग बिल आलं आणि नवऱ्याने ते टेबलावर आपटलं. पैशाचं नाही म्हणाला, आपला ग्रीन कार्डचा अर्ज चालू आहे आणि आपला नंबर तुरुंगाच्या रेकॉर्डला लागला, त्यांची कागदपत्रं नीट असती तर ही वेळ आली असती का, आपण भारतीय, आपण यादीत नाही, कशाला मध्ये पडायचं. वा रे वा! आमच्याच जर्सी सिटीत राहणारे हैदराबादचे दोघं १२ सप्टेंबर २००१ ला टेक्सासमध्ये ट्रेनमधून उचलले होते, भारतीयच होते ते. अतिरेकी नाहीत हे कळेपर्यंत न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या कोठडीत महिनोन्महिने काढले, शेवटी क्रेडिट कार्डच्या भानगडीत शिक्षा झाली.

आणि मुख्य मुद्दा, जो मी तेव्हा बोलले नाही तो आता बोलते. घर बदललं की १० दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा, हा नियम सगळ्याच परदेशी लोकांना, यादीबिदी काही नाही. नाही भरला तर कायद्याने हद्दपार करू शकतात. जुना नियम, कोणी विचारायचं नाही. २००२ च्या उन्हाळ्यात सरकार म्हणालं आता विचारणार. आम्ही एडिसनहून जर्सी सिटीला येऊन आठ महिने झाले होते, फॉर्म भरला होता का? रात्री दीड वाजता किचनमध्ये बसून घाम पुसत कोण भरत होतं? माझ्या नवऱ्याची चूक ती 'राहून गेलं' आणि भाईजानची चूक ती 'बेकायदेशीर'.

भाईजान बाँडवर, म्हणजे जामिनावर, सुटले, पण केस काही टिकली नाही, पावसाळ्यात (म्हणजे आपल्याकडचा पावसाळा) तिघंही परत गेले. मुलगी सिटिझन असून गेली. त्या अख्ख्या रजिस्ट्रेशनमध्ये ८० हजारांवर लोकांनी नावं नोंदवली, १३ हजारांहून जास्त लोकांवर हद्दपारीची केस लागली, आणि दहशतवादाचा गुन्हा सिद्ध झाला असा एकही नाही.

आता सगळेच साधे होते असं मी म्हणत नाहीये, मुदत संपून राहणं चूकच, आणि इतके लोक मेल्यावर सरकार हातावर हात धरून बसणार नाही हेही कळतं. तुम्ही किंवा तुमचं कोणी तिकडे असेल तर आपला ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने दिलेला फाईल नंबर, घरातल्या दुसऱ्या कुणालातरी पाठ करून ठेवायला सांगा, त्याशिवाय माणूस कुठे ठेवलाय ते शोधताना नाकी नऊ येतात. आणि मुलांना कोणी सांभाळायचं ते कागदावर लिहून सही करून ठेवा.

नवरा अजून मान्य करत नाही. पण मागच्या वर्षी एमएसला आलेल्या भाच्याने रूम बदलली तर याचा पहिला फोन काय, एआर-११ भरला का. भाचा म्हणाला मामा, कॉलेजच्या ऑफिसला कळवलं की होतं ते. तरी त्याच्याकडून भरून घेतला आणि पावतीचा प्रिंट काढून आमच्या फाईलला लावून ठेवलाय.