नेपियर, काटेरी तार आणि सारंगखेड्याची घोडी

प्रश्न : मागच्या मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेतून चार वर्षांची घोडी आणली. भीमेकाठी आमचं दोन एकर पड आहे, तिथे दोन गाई चरतात. भोवती काटेरी तार आहे, बांधाला घाणेरी माजली आहे. पाटाच्या कडेचं संकरित नेपियर कापून घोडीला पोटभर घालतो, सोबत रोज गव्हाचा कोंडा. आता पावसाळ्यात तिला पडात सोडायचं आहे. शेजारी म्हणतात, कडवळाच्या खोडव्यातही सोडा. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, ता. दौंड

उत्तर : भीमथडीच्या तट्टांचा मुलूख तुमचा. तिथे पुन्हा घोडी चरणार हे वाचून बरं वाटलं. पण पत्र वाचताना मला कुरणाआधी तुमची गव्हाणच खटकली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

नेपियरमध्ये ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं. गाईच्या कोठीपोटातले, म्हणजे रवंथाच्या पहिल्या मोठ्या पोटातले, जंतू त्यातलं बरंचसं मोडून टाकतात, म्हणून गाईला नेपियर मानवतं. घोडीला कोठीपोटच नाही. तिची वैरण आंबते ती मागे, मोठ्या आतड्यात, आणि कॅल्शियम अंगी लागायची जागा त्याच्या आधीच येऊन जाते. म्हणजे भरल्या गव्हाणीतही घोडी कॅल्शियमला उपाशी. त्यावर तुम्ही कोंडा घालताय! कोंड्यात फॉस्फरस रग्गड आणि कॅल्शियम नावाला, त्यामुळे तोल आणखी ढळतो. मग शरीर हाडांतून कॅल्शियम उपसायला लागतं. आधी घोडी आज या पायाने, उद्या त्या पायाने लंगडते. पुढे चेहऱ्याची हाडं फुगतात.

हे मी अक्कलखाती नुकसान सोसून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत वरातीची एक घोडी माझ्याकडे आली, तोंड सुजलेलं. दाढेचं गळू समजून मी पंधरा दिवस इंजेक्शनं टोचत बसलो. शेवटी मालकानेच विचारलं, "डॉक्टर, गळू दोन्ही गालांना सारखंच कसं काय हो?" मला घाम फुटला. चौकशी केली तर नेपियर आणि कोंडा, अगदी तुमच्यासारखंच. घोडी वाचली, पण चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही, आणि वरातीत पुढे ती कुणाला नको झाली.

तेव्हा कोंडा बंद करा. नेपियर हळूहळू कमी करून चार भागांत एक भाग इतकंच ठेवा, बाकी वाळलेलं गवत आणि रोज दोन-तीन किलो हिरवा लसूणघास. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं. खनिज मिश्रण कोणतं आणि किती, ते तुमच्या डॉक्टरांना घोडी दाखवून ठरवा. हा बदल आठ-दहा दिवस घेऊन करा. वैरण एकदम बदलली की पोटशूळ उठतो, आणि घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं वरून परत येत नाही. पडात गवत लावणार असाल तर मारवेल लावा. अंजन गवत गाईंना छान, पण त्यातही तेच ऑक्झलेट.

कडवळाचं म्हणाल तर शेजाऱ्यांना नमस्कार सांगा आणि नाही म्हणा. ज्वारीच्या हिरव्या चाऱ्यावर सतत ठेवलेल्या घोड्यांचं मागचं अंग लुळं पडतं, लघवी थेंब-थेंब गळत राहते. त्यातून क्वचितच कुणी सावरतं.

आता कुरण. काटेरी तार गाईला चालते, कारण गाय टोचलं की मागे सरते. घोडी बिचकली की तारेत पाय घालते आणि मग जोर लावून ओढते. खुराच्या वर हाडापर्यंत उघडे पडलेले पाय मी शिवले आहेत. मातीत, लिदीत धनुर्वाताचे जंतू असतातच आणि घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं जनावर आपल्या गोठ्यात नाही. लस दिलेली नसेल तर आधी ती टोचून घ्या. सगळी तार काढणं परवडत नसेल तर तिच्या आत तीन-चार फुटांवर विजेच्या झटका मशीनची रुंद पांढरी पट्टी साडेचार फूट उंचीवर ओढा, खाली आणखी एक. बारीक तार नको, ती घोडीला दिसत नाही.

घाणेरी मुळासकट काढा. हिरवं गवत असताना घोडी तिला तोंड लावणार नाही, पण उन्हाळ्यात पड उघडं पडलं की लावेल, आणि घाणेरी यकृत बिघडवते. फाटकाशी शोभेची कण्हेर असेल तर तीही काढा. तिची वाळलेली पानंही तेवढीच विषारी, म्हणून छाटणी पडात टाकू नका. एरंड तसाच.

दोन एकर एका घोडीला पावसाळ्यापुरतं होईल, वर्षाचं नाही. त्याचे तीन तुकडे करा. गवत वीतभर झालं की आत, चार बोटांवर आलं की बाहेर. घोडीला वरचेही पुढचे दात असतात, ती गवत मुळाशी कातरते. काळी जमीन भिजून चिखल झाला असेल त्या दिवशी सोडूच नका. गवत तुडवून मरतं आणि ओल्यात उभं राहून खुराच्या तळव्याला घाण वास यायला लागतो.

गाई विकू नका. घोडी लिदीभोवतीचं गवत टाळते, ते गाई खातात, आणि घोड्याचे बहुतेक जंत गाईच्या पोटात जगत नाहीत. घोडीमागून गाई त्याच तुकड्यात फिरवा. लीद आठवड्यातून दोनदा उचला. जंताचं औषध देण्याआधी लीद तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. गरज नसताना पाजत राहिलं की ते लागू पडेनासं होतं. हौदात रोज 30-40 लिटर ताजं पाणी हवं.

आणि हा अंक हाती पडेल त्या संध्याकाळी एक करा. घोडीच्या डोळ्यांखाली, दोन्ही बाजूंना, हाडावरून हात फिरवा. तिथली हाडाची धार नेहमीचीच; तिच्या वरचं हाड सपाट लागलं तर वरचं सगळं सवडीने करा. त्या धारेच्या वर दोन्हीकडे फुगवटा लागला तर गुरांच्या डॉक्टरांना त्याच रात्री फोन करा, आणि काय घालत होता ते कोंड्यासकट खरं सांगा.