कंप्युटरचा प्रॉब्लेम नेटवर सर्च केला की भलतंच येतं, नेमकं उत्तर शोधायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या मशिनवरचा शेअर केलेला प्रिंटर कनेक्ट होत नाहीये, तासभर सर्च केलं, ढीगभर पानं आली पण कामाचं एक नाही, आणि कुठे विचारायला गेलं की "आधी सर्च करा" म्हणून वाटेला लावतात. वाटेला लावणाऱ्यांचं सोडा, पण उत्तर बऱ्याचदा तिथेच कुठेतरी पडलेलं असतं, फक्त ते तुमच्या शब्दांत लिहिलेलं नसतं. तुम्ही टाकलंत "प्रिंटर चालत नाही प्लीज हेल्प अर्जंट". आता ज्याने हा प्रॉब्लेम सोडवलाय त्याच्या उत्तरात प्लीज पण नसणार आणि अर्जंट पण नसणार. त्याच्या उत्तरात काय काय शब्द असतील असा विचार करायचा आणि तेच टाकायचे, बाकी सगळं यातूनच येतं.

तुमचंच उदाहरण घेऊ. स्क्रीनवर जो डबा येतो त्यात वर लिहिलेलं असतं "विंडोज कॅनॉट कनेक्ट टू द प्रिंटर", हे वाक्य शंभर कारणांसाठी येतं त्यामुळे त्याच्यावर शोधून हाती काही लागत नाही. खाली बारीक अक्षरात एक कोड असतो, झीरो एक्स आणि पुढे आठ आकडे-अक्षरं, लोक तो वाचतच नाहीत, ओके दाबून मोकळे होतात. खरा माल तिथे आहे. समजा तो पाच शून्यं आणि मग ११ बी असा असेल, तर तो जसाच्या तसा डबल कोटमध्ये टाका, सोबत फक्त "प्रिंटर" हा शब्द इंग्रजीत, बास. लगेच कळेल की सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटनंतर जगभर लोकांना हा एरर यायला लागला होता. प्रिंटर शेअरिंगमधलं सुरक्षेचं एक भोक बुजवायला मायक्रोसॉफ्टने ओळख तपासण्याचा नियम कडक केला, मग एक मशिन अपडेट झालेलं आणि दुसरं जुनंच असलं की दोघांचं जमेना.

आता यात तारीख किती महत्त्वाची आहे बघा. पहिल्या काही दिवसांतली उत्तरं वाचाल तर सगळे एकच सांगतायत, अपडेट काढून टाका. नंतरच्या उत्तरांत मात्र कारण काय ते आलंय आणि रजिस्ट्रीमधली (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं ती जागा) एक नोंद शून्य करून प्रिंट स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावून प्रिंटरला पाठवणारा विंडोजचा भाग) रिस्टार्ट करायचा उपाय आलाय, तोही ज्या मशिनला प्रिंटर जोडलाय त्या मशिनवर, आणि त्याच्याखाली कुणीतरी शहाण्याने लिहिलेलं असतं की बाबांनो याने ते सुरक्षेचं भोक परत उघडं पडतं, जमत असेल तर दोन्ही मशिन अपडेट करा. म्हणजे एकाच चर्चेत वरचं उत्तर आणि खालचं उत्तर यात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून मी लांबलचक चर्चा उघडली की आधी शेवटी जातो, तिथून वर वाचत येतो. ज्याने प्रश्न विचारला होता त्याचं "झालं, थँक्स" कुठे आहे ते बघायचं आणि त्याच्या लगेच वरचं उत्तर नीट वाचायचं. आणि एखादा प्रश्न "हा आधी विचारला गेलाय" म्हणून बंद केलेला दिसला तर नाक मुरडून परत फिरू नका, तिथे जी लिंक दिलेली असते तिच्यामागेच बहुतेक खरं उत्तर असतं.

साइटच्या स्वतःच्या सर्चबद्दल एक गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही. आपल्याला वाटतं जास्त शब्द टाकले की जास्त नेमकं सापडेल, पण बऱ्याच साइटचा सर्च तुम्ही टाकलेले सगळेच्या सगळे शब्द ज्या पानात आहेत तेवढीच पानं दाखवतो, मग आठ शब्दांचं वाक्य टाकलं की शून्य रिझल्ट. दोन-तीन शब्दच टाका, फार आले तर एकेक वाढवा. तिथला सर्च अगदीच टाकाऊ असेल तर गुगलमधून शोधा, इंग्रजीत साइट लिहून कोलन द्यायचा आणि त्याला चिकटूनच त्या साइटचा पत्ता, मध्ये स्पेस सोडली की गडबड होते. तसंच आफ्टर कोलन २०२१ असं टाकलं की त्याच्या आधीची जुनी पानं गळून जातात. नको असलेल्या शब्दाच्या आधी मायनस लावता येतं, म्हणजे तुमचा प्रिंटर वायरचा आहे आणि सगळे वायफायबद्दलच बोलतायत तर मायनस वायफाय. आणि पान उघडल्यावर पूर्ण वाचत बसू नका, कंट्रोल एफ दाबून तो कोड टाका, मोबाईलवर ब्राउजरच्या तीन टिंबांत पानात शोधायचा पर्याय असतो.

मराठीत शोधत असाल तर अजून एक वेगळंच दुखणं आहे. फोन किंवा विंडोज मराठीत ठेवलेलं असेल तर एरर पण मराठीत येतो, आणि तो मराठी मजकूर नेटवर टाकलेला माणूस क्वचितच सापडेल. भाषा पाच मिनिटांसाठी इंग्रजी करा, तोच एरर परत आणा, फोटो काढून घ्या, मग भाषा परत मराठी. मला मराठी फोन आवडतो, पण या बाबतीत हट्ट करून उपयोग नाही.

आणि जिथे खरंच मराठीतलंच काही शोधायचंय तिथे शब्द मोडून शोधायला लागतात. "सातबारा" टाकला तर ज्याने "सातबाऱ्यावर नाव" लिहिलंय ते साध्या सर्चला दिसत नाही, त्याला विभक्ती वगैरे कळत नाही, म्हणून "सातबा" एवढंच टाकून बघा. दुरुस्ती-दुरूस्ती दोन्ही करून बघा, लोक दोन्ही लिहितात. "ॲप" मधला ॲ पण दोन प्रकारे टाइप होतो, एक अख्खं अक्षर म्हणून, जे युनिकोडमध्ये (सगळ्या भाषांच्या अक्षरांना कंप्युटरसाठी नंबर देणारी पद्धत) २००८ साली आलं, आणि दुसरा अ वर चंद्र देऊन, डोळ्याला सारखेच दिसतात पण सर्चसाठी वेगळे असू शकतात. "सातबाऱ्या"मधल्या अर्ध्या र चं पण तेच. गुगल यातलं बरंच सांभाळून घेतं, छोट्या साइटचे सर्च घेतीलच असं नाही. आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या पीडीएफ असतील तर सोडूनच द्या, वर मराठी दिसतं पण आत सगळी इंग्रजी अक्षरं भरलेली असतात, त्यातलं देवनागरीत शोधून काही सापडत नाही. तिथे पीडीएफचं नाव, वर्ष, खात्याचं नाव असं बाहेरून शोधावं लागतं.

एवढं करूनही नाहीच सापडलं तर मग खुशाल विचारा, पण कोड आणि काय काय करून पाहिलं ते लिहून विचारा, मग कुणी "सर्च करा" म्हणत नाही. तुमच्या प्रश्नात कोड दिसला नाही म्हणून मी ११ बी धरून चाललोय, दुसरा असेल तर वरचा रजिस्ट्रीचा उपाय अजिबात करू नका. कोड खाली कमेंटमध्ये टाका, आणि दोन्ही मशिनवर विंडोजची की आणि आर दाबून इंग्रजीत विनव्हर टाइप केलं की जो व्हर्जन नंबर येतो तोही टाका, मग बघू.