एका सेमिस्टरसाठी जर्मनीत एक्स्चेंजला जाण्यात काही अर्थ आहे का, की ती नुसती सहलच? जायचं ठरलं तर तयारी काय करावी?

प्रश्नातल्या "नुसती सहल" या दोन शब्दांमुळे हे उत्तर लिहायला बसले. हे शब्द मी इतकी वर्षं ऐकतेय, आणि तेही घरच्या माणसाकडून.

२०१७ च्या ऑक्टोबरात, एम.ए. इतिहासाच्या तिसऱ्या सेमिस्टरला, मी ब्रेमेनला गेले. माझा मामा औंधला राहतो. त्याच्याकडे जाताना ब्रेमेन चौक लागतो. त्या नावाचं खरंखुरं गाव आहे आणि पुण्याशी त्याची मैत्री आहे, हे मला अर्ज भरेपर्यंत ठाऊक नव्हतं. मामा म्हणाला, "चार महिन्यांत कसला अभ्यास होतोय? फिरून ये, फोटो काढ."

फोटो काढलेच. तिथल्या रातहाउसच्या, म्हणजे टाउन हॉलच्या, कडेला गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा एकावर एक उभे असलेला ब्राँझचा पुतळा आहे. लोकांनी धरून धरून गाढवाचे पुढचे पाय पिवळेधमक झालेत. पाय दोन्ही हातांनी धरायचे आणि मनातलं मागायचं. एकाच हाताने धरलात तर ब्रेमेनकर म्हणतात, बघा, एक गाढव दुसऱ्याला रामराम घालतंय.

पण मी सांगायला बसलेय ते हत्तीबद्दल. वसाहतींच्या स्मारकांवर आमचा एक सेमिनार होता आणि माझ्या वाट्याला वीस मिनिटांचं रेफेराट, म्हणजे वर्गासमोर विषय मांडणं, आलं. विषय, ब्रेमेनचा विटांचा हत्ती. साधारण दहा मीटर उंच. हातच्या गेलेल्या आफ्रिकेतल्या वसाहतींची आठवण म्हणून १९३२ मध्ये उभारलेला. पुढे १९९० च्या सुमारास, नामिबिया (एकेकाळची जर्मन वसाहत) स्वतंत्र झाला त्या काळात, शहराने तो पाडला नाही, तर वसाहतवादविरोधी स्मारक म्हणून जाहीर केला. मी आपल्या पद्धतीने लायब्ररीतली अकरा पुस्तकं उपसून टिपणं काढली. आठवडाभर आधी प्राध्यापिकाबाईंना दाखवायला गेले, तर त्यांनी पहिलंच विचारलं, "हत्ती पाहिलास का?"

नव्हता पाहिला. तो स्टेशनाच्या मागे उभा आहे आणि ६ नंबरची ट्रॅम मला रोज त्याच स्टेशनासमोरून युनिव्हर्सिटीत नेत होती.

दुसऱ्या दिवशी गेले. डिसेंबर, चार वाजताच अंधार, भुरभुर पाऊस. हत्तीच्या पायाशी दोघं जण बिअर पीत बसले होते, हत्तीकडे पाठ करून. तिथे मला एकदम मुंबईचा काळा घोडा आठवला. आपण १९६५ मध्ये सातव्या एडवर्डला घोड्यासकट उचलून राणीच्या बागेत नेऊन ठेवलं, पण जागेचं नाव तेच राहिलं. आणि मी निघाले त्याच वर्षी तिथे स्वार नसलेला नवा घोडा बसवला होता. त्यांनी पुतळा ठेवून त्याचा अर्थ बदलला, आपण पुतळा हलवून नाव सांभाळलं. अकरा पुस्तकं बाजूला ठेवली आणि यावरच बोलले. संपलं तसं सगळा वर्ग बोटांच्या पेरांनी बाकं ठोकायला लागला. मला वाटलं, वेळ संपली म्हणून गप्प बसवताहेत. तिकडे ती टाळ्यांची पद्धत आहे. (नंतर कळलं, ते प्रत्येकासाठीच ठोकतात. असू दे.)

त्याच विषयावरच्या पंधरा पानी हाउसआर्बाइटला (घरी लिहून द्यायच्या निबंधाला) मला १.३ मिळाले. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० च्या पुढे नापास. ज्यांना हे माहीत आहे त्यांना १.३ म्हणजे काय ते कळेल.

आमच्या कॉलेजच्या परीक्षा विभागाला माहीत नव्हतं. खिडकीतल्या गृहस्थांनी ट्रान्स्क्रिप्ट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "दहापैकी एक पॉइंट तीन? मग हे जोडायचं कशाला?" समजावलं. "तसं लेखी आणा." गुण बदलून घेण्याचं एक बव्हेरियन सूत्र असतं. आमच्याकडे दहापैकी चारला पास, त्या हिशेबाने १.३ चे ९.४ होतात. ते छापून नेलं. मग मीटिंग, मग सुट्ट्या, मग साहेब बदलले. सात महिन्यांनी ३० पैकी १८ क्रेडिट धरली. उरलेले पेपर मी ज्युनिअर्सबरोबर बसून दिले.

आईकडून हे मामाला कळलं आणि चुलतबहिणीच्या लग्नात भर पंगतीत तो म्हणाला, "भाची जर्मनीला जाऊन सव्वा मार्क घेऊन आली!" अख्खी रांग हसली. मी मठ्ठ्याकडे बघत बसले. तर मामा, हे वाचत असशील तर ऐक: ९.४. तुझ्या बी.कॉम.चे किती होते ते मी आजवर पंगतीत काढलेलं नाही.

तयारीचं म्हणाल तर माझ्या मते एकच. निघण्याआधी लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर (तिकडे कोणते विषय घेणार आणि ते इकडे धरणार, याचा लेखी करार) विभागप्रमुखांची आणि परीक्षा विभागाची अशा दोन्ही सह्या घ्या, आणि तिकडच्या गुणांचे इकडे किती धरणार तो तक्ता त्यालाच जोडून घ्या. "येऊन बघू" म्हणाले तर सही होईपर्यंत तिकीट काढू नका. बाकी व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं; माझ्या वेळी महिन्याला ७२० युरो दाखवावे लागत, २०२४ मध्ये ते ९९२ झाले), पोहोचल्यावर पत्त्याची नोंदणी, हे सगळं शोधलंत की सापडतं. आणि तिकडे जाऊन चार देशी मुलांबरोबर खोलीत पोहे करत बसणार असाल, तर घरीच बसा. मग ती सहलसुद्धा होत नाही.

हे आधीच सांगायला हवं होतं: एक्स्चेंज असल्याने मला तिकडे शिक्षणाची फी नव्हती आणि राहण्याखाण्याचा खर्च बाबांनी कर्ज न काढता केला. एका सेमिस्टरसाठी कर्ज काढावं लागत असेल तर जाऊ नका. पूर्ण मास्टर्सलाच जा, तिकडच्या बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत फी नसल्यातच जमा असते. सायन्सवाल्यांचं, लॅबचं गणित वेगळं असेल, ते त्यांना विचारा.

मामाचा मुलगा सध्या हॅम्बुर्गला मास्टर्स करतोय. ती सहल नाही, ते "करिअर". गेल्या उन्हाळ्यात मामा-मामी त्याच्याकडे गेले होते. हॅम्बुर्गहून ब्रेमेन ट्रेनने तासाभरावर, तेव्हा तिथेही जाऊन आले. फॅमिली ग्रुपवर मामाचा फोटो आला: गाढवाशेजारी ताठ उभा, एका हातात आइस्क्रीम, दुसऱ्या हातात गाढवाचा पाय.

मी लगेच बदाम टाकला.